तांब्याच्या पत्र्यावरील वेरूळ



ठाणे नगरीच्या इतिहासात एका चित्रकाराचे नाव सहसा घेतले जात नाही. स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे 1747 साली जन्मलेले जेम्स वेल्स 1791 मध्ये मुंबईस आले, ते व्यक्तिचित्रे रंगविण्यासाठी. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या आश्रयाने त्यांनी सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे काढली. तेवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांचे मन रमले लेण्यांत. घारापुरी, कान्हेरी आणि अखेर वेरूळ. रंग मागे पडले; स्तंभ, गर्भगृहे आणि अंगणे यांचे काटेकोर रेखाटन हेच जीवितकार्य झाले. पुण्याचे गंगाराम तांबट या कामी त्यांचे साहाय्यक होते.

नोव्हेंबर 1795 मध्ये ठाण्यास वेल्स निवर्तले. वेरूळची रेखाटने छापील रूपात त्यांना पाहता आली नाहीत. थॉमस डॅनिएल यांनी ती तांब्याच्या पत्र्यांवर उतरवली. राळेचा बारीक थर आणि आम्ल यांच्या योगे दगडावरील छायाप्रकाश कागदावर आला. 1803 मध्ये लंडनला 24 चित्रांचा ग्रंथ निघाला. त्यात इंद्रसभा व जगन्नाथसभा ही आपली जैन लेणीही आहेत. ग्रंथाच्या नावात मात्र सरसकट ‘हिंदू’ लेणी! हा दोष वेल्स यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ग्रंथ निघाला तेव्हा ते हयात नव्हते.

तांबटांची काही मूळ रेखाटने आज अमेरिकेत येल येथील ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर रेखाटनकार म्हणून नाव आहे ते एकट्या वेल्स यांचे.