पत मिळाली, पेठ कधी मिळणार?
(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणातून)

बचत गटांनी ग्रामीण स्त्रीला सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात आणले, हे मान्य केलेच पाहिजे. १९९२ साली नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हा गहाणाच्या जागी शेजारणीचा शब्द आला. जिच्या नावावर सातबारा नाही, तिलाही पत असते, हे सिद्ध झाले.

परंतु पत मिळाली म्हणजे धंदा वाढतोच असे नाही. जिंतूर किंवा पालम तालुक्यातील एखादा गट घ्या. दहा-बारा जणी एकाच आळीतल्या, बहुधा एकाच जातीच्या. साऱ्यांचे पोट कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर. सर्वांनीच पापड-लोणची केली, तर गावात ती घेणार कोण? पाऊस हुकला की सर्वांचाच हप्ता थकतो. जवळची माणसे अडीअडचणीला धावून येतात. नवे गिऱ्हाईक आणि बाजारभावाची खबर मात्र दूरच्या ओळखीतून येते. दलित वस्तीतील गटाला तर ही ओळख अधिकच दुर्लभ.

१९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तो वाढला तो केवळ कर्जाच्या बळावर नव्हे. पीठ एकत्र मळायचे, पापड घरोघरी लाटायचे, विक्री एका नावाने करायची आणि मालकी लाटणाऱ्यांचीच ठेवायची, या व्यवस्थेने तो वाढला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी उभारलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळानेही मुंबईतील विखुरलेल्या खानावळवाल्या बायकांना संघटित करून बँकेपर्यंत नेले. शेजाराला संघटनेची जोड मिळाली, तेव्हाच हे घडले.

संघटना नसेल, तर याच शेजाराचा फास होतो. आंध्र प्रदेशात खाजगी सूक्ष्मकर्ज कंपन्यांच्या वसुलीसाठी शेजारणींचाच दबाव वापरला गेला. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या वार्ता आल्या आणि २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला.

म्हणून गटांकडे सभेची गर्दी म्हणून पाहणे आपण सोडले पाहिजे. तालुक्यातील सर्व वस्त्यांच्या गटांचा एक संघ, एकत्र खरेदी, एका नावाने विक्री आणि सर्वांपुढे वाचला जाणारा हिशेब, एवढे काम आपल्या हाती आहे. कर्ज किती वाटले, हा आकडा सरकार देईलच. किती बायकांचा माल वेशीबाहेर गेला आणि त्याचा नफा कोणाच्या पदरात पडला, हा हिशेब आपण मागायचा आहे.