शाळेचे दप्तर हीच शाळेची साक्ष

(अंधेरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलींच्या जुन्या शाळेचा इतिहास जपणे हे त्या शाळेच्या शिक्षकांचे अगर माजी विद्यार्थिनींचे काम; हक्कांसाठी झगडणाऱ्या समाजाने त्यात आपला वेळ का घालवावा, अशी शंका कोणाच्या मनात येणे शक्य आहे. तिचे उत्तर देणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे. ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके लेखणी येऊ दिली गेली नाही, त्या समाजाच्या मुलीचे नाव ज्या दिवशी शाळेच्या पटावर चढले, तो दिवस त्या समाजाच्या इतिहासात एखाद्या लढाईच्या दिवसाइतकाच मोलाचा होय. त्या दिवसाचा पुरावा आज कोठे आहे आणि तो कोणाच्या हाती आहे, हा माझा प्रश्न आहे.

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात जोतिराव फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा उघडली आणि सावित्रीबाईंनी तेथे अध्यापन केले. पुढे या वाड्याची काय अवस्था झाली? रस्त्याकडेला दुकाने आणि वर मोडकळीस आलेले मजले! तेथे स्मारक करावे असा ठराव पुणे महानगरपालिकेने २००६ साली केला. जागेच्या संपादनास विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधाचा अर्ज फेटाळला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी जागा ताब्यात घेऊन तो जीर्ण वाडा पाडण्यात आला.

न्यायालयात जय मिळाला ही आनंदाची गोष्ट होय. परंतु एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. ज्या भिंतींनी त्या मुलींचा पाठ ऐकला, त्या भिंती आता नाहीत. मग त्या शाळा होत्या हे आपण कशाच्या बळावर सांगतो? कागदाच्या बळावर! ३ जुलै १८५१ रोजी अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात, १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या, हे आपणांस कळते ते त्या काळच्या अहवालांवरून. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतिरावांचा सत्कार झाला, त्याचीही नोंद आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन केले, त्यात त्यांनी आपल्या शाळांची हकीकत स्वतःच्या शब्दांत नमूद करून ठेवली. आणि १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’ पत्राने मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला. जोतिरावांच्या शाळेत शिकलेल्या या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिले आणि ज्या धर्माचे ग्रंथ पाहण्याचीही आम्हांस मनाई आहे, तो धर्म आमचा कसा, असा खडा सवाल केला. ‘ज्ञानोदया’ने तो निबंध छापला नसता, तर या मुलीचा आवाज त्या वर्गाच्या चार भिंतींतच विरून गेला असता.

इतिहास जपणे म्हणजे त्याचा नुसता जयजयकार करणे नव्हे. ‘देशातील मुलींची पहिली शाळा’ असे आपण भाषणांतून सहज म्हणतो. परंतु मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२४ साली मुलींची शाळा काढली होती आणि बंगालमध्ये बारासात येथे १८४७ साली तेथील लोकांनी मुलींची शाळा सुरू केली होती. मग भिडेवाड्याची थोरवी कमी झाली काय? मुळीच नाही. शूद्र गणल्या गेलेल्या घरातील एका स्त्रीने शिक्षिका होऊन, लोकनिंदा सोसून, शिक्षणाची दारे उघडण्याचे जे कार्य केले, ते पहिलेपणाच्या शर्यतीपेक्षा फार मोठे आहे. भरमसाट दावा केला तर प्रतिपक्षाला तो खोडण्याची आयती संधी मिळते. नेमके सत्य सांगितले तर ती मिळत नाही.

याचा प्रत्यय नुकताच आला. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने फातिमा शेख हे पात्र आपण स्वतः रचले असा दावा केला आणि एकच गदारोळ उडाला. अशा वेळी भावना कामास येत नाहीत. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांस लिहिलेले पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे आणि त्यात फातिमेचे नाव आहे. एका पत्रातील एक नाव एका संपूर्ण आयुष्याची साक्ष देते, इतके कागदाचे मोल आहे.

दुसरे उदाहरण नागपूरचे. जाईबाई चौधरी यांनी पोटासाठी हमाली केली आणि त्याच स्थितीत शिक्षण मिळविले. शिक्षिकेची नोकरी लागली. पण अस्पृश्य म्हणून पालकांनी गवगवा केला आणि ती गेली. तेव्हा १९२२ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. ही हकीकत आज आपणांस वाचावयास मिळते याचे श्रेय उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांस आहे. त्यांनी ठिकठिकाणी हिंडून, वृद्ध कार्यकर्त्यांना भेटून, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. थोडा आणखी उशीर झाला असता, तर सांगणारे मुखच उरले नसते.

आता जुन्या शाळेच्या दप्तराचा आपल्या हक्कांशी असलेला संबंध पाहू. अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र पडताळणीस जाते तेव्हा १० ऑगस्ट १९५० च्या पूर्वीच्या नोंदीस फार वजन असते. आणि अशी नोंद बहुधा सापडते ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये! वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील व्यक्तीची नोंद पुराव्यास चालते. म्हणजे एखादी आत्या अगर आजोबांची बहीण दोन इयत्ता शिकली असेल, तर तिच्या नावापुढील एक ओळ आज तिच्या भाचरांस महाविद्यालयाचे दार उघडून देऊ शकते. मुलींच्या शाळेचे रजिस्टर वाळवीने खाल्ले, तर नुकसान केवळ इतिहासाचे होत नाही.

येथे कोणी विचारील, जात सोडण्यासाठी आपण १९५६ साली धम्म स्वीकारला. मग जातीची जुनी नोंद का जपावी? उत्तर सरळ आहे. जखमेचा दाखला म्हणजे जखमेचा अभिमान नव्हे. झालेल्या अन्यायाची भरपाई मागावयाची, तर अन्याय झाला होता हे सिद्ध करावेच लागते. बौद्धांस केंद्राच्या सवलती मिळण्यास १९९० सालची कायदादुरुस्ती यावी लागली. त्या सवलतींसाठीही हाच पुरावा लागतो.

अंधेरीकरांनी तर या बाबतीत विशेष दक्ष राहिले पाहिजे. अंधेरीपर्यंतची उपनगरे बृहन्मुंबईत आली ती १९५० साली, पुढची आणखी काही १९५७ साली. म्हणजे पडताळणीस ज्या काळाचा कागद लागतो, नेमक्या त्याच काळात येथील कारभाराचे हात बदलले. शिवाय आपल्यातील पुष्कळ कुटुंबे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून येथे आली. त्यांच्या आज्यांची नावे गावाकडच्या शाळांत आहेत.

तेव्हा माझ्या सूचना थोड्या पण निश्चित आहेत. आपल्या भागातील जुन्या कन्याशाळांच्या मुख्याध्यापिकांस चार जणांनी आदराने भेटावे. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शेरेबुके कोठल्या कपाटात आहेत, पावसाचे पाणी तेथे येते काय, हे विचारावे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याने सार्वजनिक प्राधिकरणांवर अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. तिची आठवण द्यावी. शाळेच्या संमतीने पानांची छायाचित्रे घ्यावी, मूळ कागद शाळेतच ठेवावा. वयोवृद्ध विद्यार्थिनींच्या आठवणी नाव, गाव, साल विचारून लिहून घ्याव्यात. मात्र हयात व्यक्तीचे नाव व जात तिच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडू नये. तो इतिहास होत नाही. ती नवी मानहानी होईल.

आणि जे मिळेल ते पेटीत कुलूपबंद करू नये. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेस हार घालून आपण घरी परततो. त्या दिवशी विहारात त्या परिसरातील शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींची हकीकत वाचून दाखवावी, शाळेतील मुलींनीच ती वाचावी. आपल्या आधी याच बाकावर कोण बसून गेले हे ज्या मुलीला ठाऊक असते, तिला शाळा सोडावयास लावणे सोपे नसते.

भिडेवाड्याचे स्मारक सरकार बांधील. आपल्या परिसरातील शाळेचे दप्तर राखणे मात्र आपल्याच हाती आहे, आणि ते काम आजच्या पिढीने केले नाही तर पुढच्या पिढीला ते करता येणार नाही.

जय भीम.