पोटगी आणि घरातला वाटा



सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांत एखादा संसार मोडतो, तेव्हा गाव दोन प्रश्नांची चर्चा करते : चूक कोणाची आणि पोटगी किती? घर कोणाचे, हा तिसरा प्रश्न सहसा उच्चारलाच जात नाही. घर नवऱ्याचे आणि बाईने माहेरची वाट धरायची, हे इतके गृहीत धरलेले असते की पंचांनाही त्यात विचार करण्यासारखे काही दिसत नाही. समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने मात्र नेमका हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे. कारण मालमत्ता कोणाच्या श्रमातून उभी राहिली आणि कोणाच्या नावावर चढली, या तपासणीतूनच समाजवादाचा प्रारंभ होतो.

या दोन जिल्ह्यांतील घरे कशी उभी राहिली ते पाहावे. पाटण-जावळीचा पुरुष मुंबईला माथाडी कामासाठी गेला. खानापूर-आटपाडीचा पुरुष सोन्याचांदीच्या गलाईसाठी परमुलखात गेला. मागे राहिलेली शेती, जनावरे, म्हातारी माणसे आणि मुले बायकांनी सांभाळली. तासगावकडच्या द्राक्षबागांतही घरच्या स्त्रीचे श्रम मजुरीच्या हिशेबात कधी धरले गेले नाहीत. एवढे होऊन ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वर नाव सासऱ्याचे, सातबारावर थोरल्या दिराचे आणि कारखान्याचे ऊसबिलही त्याच खात्यावर. परिणामी, न्यायालयाने नवऱ्याचे उत्पन्न विचारले की तो हात झाडून मोकळा होतो. कागदोपत्री त्याच्या नावावर काही नसते आणि तिच्या नावावर तर कधीच काही नव्हते.

कायद्याने या अन्यायाची दखल तुकड्यातुकड्यांनी घेतली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २५ कायम पोटगीची तरतूद करते. परंतु मालमत्तेविषयीचे कलम २७ विवाहाच्या वेळी वा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतेच बोलते. पुढच्या वीस वर्षांत दोघांनी मिळून बांधलेले घर त्यात बसत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने निराधार पत्नीला, घटस्फोटितेलाही, मासिक निर्वाहखर्च मागता आला. पण त्यावरील पाचशे रुपयांची केंद्रीय कमाल मर्यादा उठण्यास २००१ साल उजाडावे लागले. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपल्या मिळकतीचे व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि निर्वाहखर्च अर्जाच्या तारखेपासून मिळावा, असे ठरवून दिले. तरीही हुकूम मिळणे निराळे आणि पैसा हाती पडणे निराळे. रक्कम थकल्यास एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, हे ठाऊक नसल्यामुळे हक्काचा पैसा बुडतो.

निवाऱ्याच्या बाबतीत २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. संसार ज्या घरात झाला, त्या घरात राहण्याचा हक्क पत्नीला मिळाला. आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असल्याने तो हक्क आपोआप नाहीसा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. परंतु राहण्याचा हक्क म्हणजे वाटा नव्हे. सिंधुदुर्गाची हद्द ओलांडून गोव्यात गेले की चित्र पालटते. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक ठरते आणि विवाह संपल्यास निम्मा हिस्सा पत्नीचा असतो. देशभर पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले. लोकसभेत मात्र ते पुढे सरकले नाही आणि २०१४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले.

ही मागणी या मातीला परकी नाही. तत्कालीन सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही मोठा भाग होता, प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालवली आणि गांधी विवाह लावून लग्नाचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावरून उतरवला. विवाह कसा जुळावा, याचे वळण त्या पिढीने घालून दिले. तो मोडल्यावर न्याय कसा व्हावा, हे काम पुढच्यांवर आले. ऐंशीच्या दशकात इंदूताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने सांगली-साताऱ्यात ते हाती घेतले. परित्यक्तेला स्वतंत्र रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मिळाली पाहिजे, असा आग्रह तिने धरला. वाळवा तालुक्यातील बहे हे गाव या लढ्याने ओळखले गेले. त्याच सुमारास संगमनेरला समता आंदोलनाने टाकलेल्या स्त्रियांना संघटित केले. दया नको, निवारा हवा, हे या स्त्रियांचे म्हणणे होते.

आक्षेप घेतला जातो की, बायकोला वाटा दिल्यास आधीच तुटपुंज्या घरादाराचे तुकडे होतील. भावाभावांच्या वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या झाल्या. एका वाड्यात चार चुली पेटल्या. तेव्हा तुकड्यांची ही चिंता कोणी वाहिली? घर दोन खोल्यांचे असेल तर किंमत ठरवून हप्त्यांनी वाटा देता येतो, किंवा मुले सज्ञान होईपर्यंत एक खोली तिच्या ताब्यात ठेवता येते. पुरुष गरीब असेल तर वाटा लहान होईल. तो शून्य का व्हावा?

दुसरे दार माहेरचे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. पण चोळी-बांगडीचे नाते टिकावे म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. पुढे तीच बहीण संसार मोडून परतली की ती त्या घरात पाहुणी ठरते. यात पक्षाच्या कार्यकर्त्यांची घरेही आली, हे कडू असले तरी खरे आहे.

म्हणून कामाची सुरुवात तालुका कचेरीपाशी नव्हे, घरापाशी व्हावी. राहते घर पतिपत्नींच्या संयुक्त नावे नोंदवण्याचा शासननिर्णय राज्यात २००३ सालीच झाला आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घराची नोंद प्रथम तशी करून घ्यावी आणि मग ग्रामसभेत बोलण्यास उभे राहावे. पंच म्हणून बोलावणे आल्यास, ठोक रक्कम देऊन सारे हक्क सोडवून घेणाऱ्या फारकतीच्या स्टँपपेपरवर सही करू नये. हिंदू विवाह कायद्याखाली, रूढी सिद्ध झाल्याखेरीज, अशा कागदाने घटस्फोटही होत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, वकिलाचे मोफत साहाय्य मिळते. तिला तेथवर सोबत करावी. आणि दोघांच्या संसारात उभ्या राहिलेल्या घरात पत्नीचा निम्मा वाटा मानणारा कायदा विधिमंडळाने व संसदेने करावा, ही मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात शेतीमालाच्या भावाशेजारी आणि मजुरीच्या दराशेजारी लिहिली जावी. श्रमाचे मोल मागणाऱ्या पक्षाला चुलीपाशी झालेले श्रम वगळता येणार नाहीत.