मामांची दुनळी : दुरुस्ती कुठे थांबवायची?

त्र्यंबकेश्वरकडच्या एका गावातले माझे मामा गेले, तेव्हा त्यांच्या परवान्यावरची दुनळी बंदूक कायद्याप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाली. पुढे वारस म्हणून धाकट्या मामेभावाला परवाना मिळाला आणि बंदूक घरी आली. तो म्हणाला, "दादा, हिला नव्यासारखी चकचकीत करू. मक्यात रानडुकरं शिरतात, बारही उडाला पाहिजे." मी त्याला म्हटलं, "या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आधी बंदूक काय सांगते ते वाचू."

नळ्या काढून त्यांच्या खालच्या अंगाला पाहिलं. इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी जास्तीच्या दारूनं तपासून मगच तिच्यावर छाप मारतात. आमच्या बंदुकीवर बर्मिंगहॅमचे छाप होते, पण ते जुन्या काळ्या दारूच्या चाचणीचे. आजच्या बिनधुराच्या दारूसाठी लागणारी 'नायट्रो' चाचणी झाल्याची खूण कुठेच नव्हती. नळ्याही दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, जोडून घडवलेल्या. वरची नक्षी पाहत राहावी अशी. मात्र सांध्यात आतून गंज शिरला असेल, तर तो बाहेरून दिसत नाही. दमास्कस नळी म्हणजे धोकादायकच, असं नाही. नायट्रो चाचणीत उतरलेल्या अशा नळ्याही आहेत. आपल्या हातातली नळी कोणती, एवढाच प्रश्न असतो.

दुसरी फसगत काडतुसाच्या घराची. जुन्या इंग्लिश बारा बोअर बंदुकांचं घर बहुधा अडीच इंचांचं. आजची पुष्कळ काडतुसं पावणेतीन इंचांची. तरी ती आत बसतात, कारण काडतुसावरची लांबी ही बार उडाल्यावर तोंड उघडल्यानंतरची असते. तेव्हा उघडलेलं तोंड पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब वाढतो. 'बसलं म्हणजे चाललं' हा हिशेब इथं हात गमावायला लावू शकतो.

कायद्याचंही पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक कारागिरानंच करायची. परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणंही गुन्हाच. राहिली रानडुकरं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार पीक खाणाऱ्या रानडुकरावरही वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

मग केलं काय? घोडा अर्ध्या खटक्यावर टिकत नव्हता, तो कारागिराकडून नीट करून घेतला. बार उडवायचा नसला, तरी हाताळताना घोडा निसटू नये. दस्त्याची चीर सरसानं बसवली आणि लाकडाला जवसाच्या तेलाचा हात दिला. गंज तेल लावून हळूहळू उतरवला. तिथंच थांबलो. पॉलिशच्या चाकावर नळ्या चढवल्या असत्या, तर छाप आणि कोरीवकाम पुसलं गेलं असतं, पत्रा पातळ झाला असता. काळं करण्याच्या उकळत्या क्षारात बुडवल्या असत्या, तर दोन्ही नळ्या जोडणारं कथलाचं डाख सुटण्याची भीती होती.

"नळीला भोक पाडून कायमची निकामी करू, परवान्याची कटकट नको," असंही घरात कुणीतरी सुचवलं. तेही टाळलं. पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. आम्ही परवाना चालू ठेवला आणि बंदूक कुलपात, काडतुसाविना ठेवली. पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती पुसायची, एवढंच.

मामेभाऊ आधी हिरमुसला. मक्याभोवती त्यानं सौर झटका कुंपण घातलं. उद्या शेतासाठी बंदूक लागलीच, तर ती रीतसर परवान्यावर, चाचणीच्या खुणा असलेली, आजच्या काडतुसाची घ्यावी. म्हाताऱ्या बंदुकीला कामाला जुंपू नये.

आपल्याकडे अशी दुनळी असेल, तर पॉलिशवाल्याकडे नेण्याआधी नळ्यांच्या खालचे छाप एखाद्या जाणकार परवानाधारकाकडून वाचून घ्या. जे पुन्हा पूर्ववत करता येतं, ते खुशाल करा. जे येत नाही, त्यापाशी थांबा.