एक विषय राहिला म्हणून

(पुण्यातील एका विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. मात्र आयोजकांची क्षमा मागून मी आज या सभागृहात न आलेल्या मुलांविषयी बोलणार आहे. निकालानंतर आपण घरोघरी पेढे नेतो; जिथे मूल नापास झाले आहे, त्या दारावरून मात्र आवाज न करता पुढे जातो.

१९८६ साली मी दहावीला गणितात नापास झालो. वडील पंधरा दिवस शेजाऱ्यांशी बोलले नाहीत. त्या काळी नापास म्हणजे अकरावीचे दार बंद. ऑक्टोबरची परीक्षा द्यायची, तोवर महाविद्यालयाचे वर्ष निम्मे सरलेले. ते वर्ष मी शनिवार पेठेतील एका छापखान्यात मुद्रिते तपासत काढले. त्यातूनच पत्रकार घडला, असे सांगून टाळ्या मिळवता येतील. पण ते वर्ष वाईट होते आणि मी त्याचे गोडवे गाणार नाही.

आज नियम बदलला आहे, हे पुष्कळ पालकांच्या गावीही नसते. एक वा दोन विषय राहिले, तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. २०१५ पासून पुरवणी परीक्षाही ऑक्टोबरची वाट न पाहता लवकर होते. तीत विषय सुटला, तर त्याच वर्षी प्रवेश घेता येतो. न सुटल्यास पुढील फेब्रुवारी-मार्चची संधी असते. मात्र तोवर अकरावीचा निकाल राखून ठेवला जातो आणि विषय सुटल्यावाचून बारावीत जाता येत नाही.

सवलत मिळते म्हणून सर्व काही मिळते असे नाही. फर्ग्युसन किंवा स. प. महाविद्यालयाची आस धरणाऱ्याने हे समजून घ्यावे, की एटीकेटीच्या मुलांचा क्रम येईतो नामांकित ठिकाणच्या जागा बहुधा भरलेल्या असतात. तंत्रनिकेतनाच्या पदविकेला तर दहावी उत्तीर्णच व्हावे लागते. आयटीआयमधील वायरमन, वेल्डर यांसारख्या काही व्यवसायांना मात्र ती अट नाही. हे मुलाला स्पष्ट सांगावे. टिळक एम. ए.ला अनुत्तीर्ण झाले होते, हे सांगून त्याचे समाधान होत नाही. त्याला अर्जाची तारीख हवी असते.

परिचयातील एका घरी मुलीचा विज्ञान विषय राहिला. घरात रडारड, टोमणे, कोणामुळे झाले याचा वाद. या सर्वांत पुरवणी परीक्षेच्या अर्जाची मुदत गेली, मागाहून विलंब शुल्काचीही गेली. एटीकेटीची चौकशी कोणी केलीच नाही. परीक्षेने तिचा एक विषय मागे ठेवला होता. वर्ष घरच्यांनी घालवले.

तेव्हा निकालाच्या दुसऱ्या दिवशी आपण त्या घरी जावे. गुणपत्रिका मागावी, गुण अगदी थोडक्यात हुकले असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी आणि शाळेत जाऊन पुरवणीचा अर्ज भरून घ्यावा. प्रवेशाच्या संकेतस्थळावरची नोंदणीही त्याच सुमारास पाहावी. २०२५ पासून ही प्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली आहे.

उरते ते शिकवणे. समोरच्या रांगांत मला चार-पाच निवृत्त गणित शिक्षक दिसत आहेत. चहाच्या वेळी कृपया जाऊ नका. आपल्याच भागातील तीन मुलांचे पत्ते माझ्या खिशात आहेत.