अभयदान आणि नाव



आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी अभयदानाची महती आपणा सर्वांस ठाऊक आहे. मात्र अभय कशास म्हणावे, हे समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील पोलंडकडे पाहावे लागते.

१९४० च्या नोव्हेंबरात नाझींनी वॉर्सा शहरातील ज्यू वस्ती भिंतीआड बंद केली. १९४२ च्या जुलैपासून तेथील माणसे त्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे रवाना होऊ लागली. ज्यूंना आसरा देणाऱ्यास देहदंड होता. काही माता मुलांसह खोट्या कागदपत्रांच्या आधारे परक्या नावाने लपून राहिल्या. अनेकींनी काळजावर दगड ठेवून मूल दुसऱ्याच्या हाती सोपविले. इरेना सेंडलर या समाजसेविकेने आपल्या सहकाऱ्यांसह सुमारे २,५०० मुले वाचविली, असे मानले जाते. त्या मुलांना नवी नावे आणि ख्रिस्ती प्रार्थना पाठ कराव्या लागत. झोपेत आपल्या भाषेत आईला मारलेली एक हाकही सर्वांच्या प्राणांवर बेतू शकली असती.

इरेनाबाईंनी प्रत्येक मुलाचे खरे नाव व नवे नाव पातळ कागदावर लिहून बरणीत घातले आणि ती बरणी सफरचंदाच्या झाडाखाली पुरली. १९४३ मध्ये गेस्टापोने अटक करून त्यांचा छळ केला, तरी त्यांनी ती नावे सांगितली नाहीत. युद्धानंतर याद्या हाती आल्या. परंतु बहुतेक मुलांचे आईवडील उरले नव्हते.

त्याच पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत रशियाने गिळला होता. तेथून सायबेरियाकडे व मध्य आशियात हाकलली गेलेली सुमारे ५,००० माणसे इराणमार्गे कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. ते बहुतांशी कॅथलिक होते आणि ज्यूंच्या संहाराशी त्यांच्या दुःखाची तुलना करता येत नाही. तथापि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात ती मुले आपल्या मातृभाषेत शिकली, आपले सण साजरे करू शकली आणि आपले नाव निर्भयपणे उच्चारू शकली. त्या आश्रयाचा स्मृतिस्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.

आपल्या वऱ्हाडातही याचे उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याजवळील वझ्झर येथे, टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना शंकरबाबा पापळकर यांनी पिता म्हणून आपले नाव दिले. त्यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली.

जीव वाचविणे हे अभयदानाचे पहिले पाऊल होय. वाचलेल्या जिवाला आपले नाव मोकळ्या आवाजात सांगता आले, म्हणजे ते दान पूर्ण झाले. अमरावती असो वा अकोला, आपल्या दाराशी येणाऱ्या निराधारास अन्न देताना त्याचे नावही आपण आदराने विचारतो काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.