सिंगापूरचे बाजार आणि आपलं गेट

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेले भाषण)



आपल्या सोसायटीतले आम्ही चौदाजण सिंगापूरला जाऊन आलो, हे सर्वांना ठाऊक आहे. फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेतच. त्यामुळे उंच इमारती आणि रोषणाई यांबद्दल मी बोलणार नाही. मी बोलणार आहे शेवटच्या दोन दिवसांबद्दल. टूरवाल्यांची बस गेली होती. आम्ही मेट्रोने आणि पायी, गुडघे सांभाळत, तिथल्या वस्त्या आणि बाजार फिरलो.

सुरुवात लिटिल इंडियापासून. तिथे टेक्का सेंटर म्हणून मोठी मंडई आहे. खाली भाजी, मासळी, मटण आणि खाण्याचे गाळे, वर कपड्यांची दुकाने. कढीपत्ता, शेवगा, केळफूल सगळे हजर! एक चिनी भाजीवाली तमिळ गिऱ्हाइकाशी चक्क तमिळमध्ये भाव बोलत होती. आमच्या बी विंगमधल्या वहिनींनी लिंबे घेतली आणि सवयीने खुणेनेच वर कढीपत्त्याची काडी मागितली. बाईने हसत दिली. आता हॉटेलच्या खोलीत कढीपत्ता कशाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिथून चायनाटाउन. साउथ ब्रिज रोडवर चालत गेलात, तर आधी जामे मशीद, मग लगेच श्री मरिअम्मन मंदिर आणि पुढे मोठे बौद्ध मंदिर. सगळे एकाच रस्त्यावर, पाच-दहा मिनिटांच्या अंतरात. मरिअम्मनचे देऊळ 1827 सालचे, तिथले सर्वांत जुने हिंदू मंदिर, आणि तेही चिनी वस्तीच्या मधोमध. जवळच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये खाण्याचे दोनशेहून जास्त गाळे आहेत. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींना काळजी होती, पण बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण मिळाले. त्यात कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांचीसुद्धा सोय झाली म्हणा ना!

दुसऱ्या दिवशी कंपोंग ग्लाम, म्हणजे जुनी मलय वस्ती. अरब स्ट्रीटवर कापडाची दुकाने आणि शेजारी सुलतान मशीद. तिच्या सोनेरी घुमटाखाली एक काळा पट्टा दिसतो. नीट पाहिले तर ती बाटल्यांची बुडे आहेत. मशीद बांधताना गरिबांनाही हातभार लावता यावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या, असे सांगतात. मला सोन्यापेक्षा तो पट्टा जास्त आवडला.

आता मुद्द्याकडे येतो. हे गाळे इतके स्वच्छ, तर त्या लोकांच्या रक्तातच शिस्त असेल, असे आपल्याला वाटते. तसे काही नाही. साठच्या दशकात तिथेही रस्तोरस्ती फेरीवालेच होते. खरकटे गटारात जायचे, नळ नाही, माणसे आजारी पडायची. सरकारने 1968-69 मध्ये आधी सगळ्यांची नोंदणी केली. मग 1971 ते 1986 या पंधरा वर्षांत सुमारे अठरा हजार फेरीवाल्यांना टप्प्याटप्प्याने छपराखाली नेले. नळ दिला, सांडपाण्याची वाट दिली, वीज दिली. भाडे सवलतीचे ठेवले. स्वच्छतेचे कडक नियम पाळून घेता आले, कारण ते पाळण्याची सोय झाली होती. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस. पत आधी उभी करावी लागते, वसुली नंतर, हे मला नवे नाही. याच खाद्यसंस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

तिथल्या दहापैकी जवळजवळ आठ माणसे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. घर मालकीचे म्हणतात, पण मुदत 99 वर्षांची. अशा एका वसाहतीतही आम्ही गेलो. अनेक इमारतींचा तळमजला मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. लग्न तिथेच, अंत्यविधीची बैठकही तिथेच, एरवी आमच्यासारख्यांचा कट्टा. खाली उतरले की हाकेच्या अंतरावर मंडई. म्हातारा माणूस एकटा असला तरी कॉफीच्या निमित्ताने चार तोंडे पाहतो.

सगळे गोड आहे असे नाही. गाळेवाल्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास आहे. पहाटे उठून भट्टीपुढे उभे राहायला मुले तयार नाहीत, आणि गिऱ्हाइकाला तर स्वस्तच हवे. हे ऐकून तुम्हाला कोणी ओळखीचे आठवले का?

मला आठवला आपल्या गेटसमोरचा भाजीवाला. येत्या वार्षिक सभेत एक विषय आहे: समोरच्या पाच हातगाड्या हटवण्यासाठी महापालिकेला पत्र. तक्रार खोटी नाही. सडका पाला पडतो, संध्याकाळी गाडी वळवता येत नाही, एकदा तर अँब्युलन्स अडकली. पण आपल्या इमारतीचा गिलावा ओला होता तेव्हापासून तो तिथे आहे. लॉकडाउनमध्ये आपल्या पिशव्या त्यानेच भरल्या. ए विंगमधल्या आजी जिना उतरतात त्या त्याच्याशी दोन शब्द बोलायला, मेथी हे निमित्त.

आपल्या देशात 2014 पासून पथविक्रेता कायदा आहे. त्यात पाहणी, प्रमाणपत्र, ठरवून दिलेली जागा, सगळे आहे. शहराच्या समितीत किमान 40 टक्के सभासद फेरीवाल्यांमधूनच असावे लागतात. म्हणून माझी सूचना अशी: पत्र जरूर पाठवावे, पण ‘हटवा’ असे लिहू नये. ‘कोपऱ्यावर आखून जागा द्या, नळ द्या, कचऱ्याचा डबा द्या, आणि गेटसमोर वीस फूट मोकळे ठेवा’ असे लिहावे. पाठपुराव्याला मी स्वतः खेपा घालीन. पेन्शनरला वेळ भरपूर आहे.

सभेत विरोध करणाऱ्यांनी जरूर करावा, फक्त मतदानाआधी एकदा त्या आजींना विचारावे.